निळा पंप किती दिवस पुरतो?

मृग लागला की आमच्या फार्मसीत निळ्या पंपाची, म्हणजे दम्याच्या निळ्या इनहेलरची, मागणी वाढते. इथे गोव्यात, डिचोलीत, भिंती ओलावतात, कपाटातल्या साड्यांना बुरशीचा वास येतो, तिन्हीसांजेला दारे-खिडक्या लावून डासांची कॉइल पेटवली जाते आणि पहाटे घरातल्या कोणाची तरी छाती वाजू लागते. सकाळी मी शटर वर करते तेव्हा तो माणूस, नाहीतर त्याचा मुलगा, पायरीवर उभा असतो. ‘‘बाय, तो निळो पंप दी गे.’’ मी पंप काढते आणि हातात देण्याआधी विचारते, मागचा कधी नेला होता?

काहींना या प्रश्नाचा राग येतो. पैसे देतोय, औषध द्या, चौकशा कशाला? राग मला कळतो. श्वास पुरत नसताना कोणालाच प्रश्न नको असतात. म्हणून ज्याला त्या घडीला खरोखर धाप लागलेली असते त्याला मी आधी स्टुलावर बसवते, पंप देते आणि तो नीट बोलू लागेपर्यंत थांबते. पण प्रश्न सोडत नाही. दम्याच्या माणसाचे पुढे काय होणार आहे हे त्याच्या छातीच्या आवाजावरून मला सांगता येणार नाही. निळा पंप त्याला किती दिवस पुरला यावरून मात्र बरेच काही सांगता येते.

त्या पंपात सालब्युटामॉल असते. फुप्फुसात जाणाऱ्या नळ्यांभोवती स्नायूंची वेटोळी असतात. दमा उसळला की ती आवळतात, वाट अरुंद होते आणि श्वास सोडताना सूं सूं आवाज येतो. सालब्युटामॉल ही वेटोळी सैल करते. चार-पाच मिनिटांत बरे वाटू लागते आणि तो आराम साधारण चार ते सहा तास टिकतो. इतक्या थोड्या औषधाने इतक्या लवकर आराम पडतो, हे मी रोज पाहते आणि तरी दर वेळी बरे वाटते. पण दम्याचे मूळ दुखणे म्हणजे नळ्यांच्या आतल्या अस्तराला आलेली सूज. निळा पंप त्या सुजेला हात लावत नाही. सूज उतरवते ते दुसरे औषध, म्हणजे श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड: बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन अशी त्यांची नावे. ते रोज घ्यावे लागते, आज घेऊन आज काही जाणवत नाही, आणि निळ्या पंपापेक्षा ते महाग पडते. मग होते काय, तर चिठ्ठीवर दोन पंप लिहिलेले असतात आणि माणूस नेतो एकच. जो लगेच बरे वाटवतो तो.

पावसात कौलातून पाणी गळू लागले की आपण खाली बालदी ठेवतो. ठेवावीच लागते. पण ती बालदी दिवसातून चारदा भरू लागली तर कोणीतरी वर चढून घर शाकारायला हवे, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळते. निळ्या पंपाचे अगदी तसेच आहे.

आता हिशेब मांडू. नेहमीच्या पंपात दोनशे पफ, म्हणजे फवारे, असतात, एका पफमध्ये शंभर मायक्रोग्रॅम औषध. महिन्याला एक पंप संपतो याचा अर्थ रोज सहा-सात पफ. तीन महिन्यांत संपतो म्हणजे रोज दोन. ज्याचा दमा ताब्यात आहे त्याला आठवड्यात दोनदाही निळा पंप लागू नये. अशा माणसाचा पंप वर्षभर पुरतो. कधी कधी औषध शिल्लक असतानाच तारीख उलटते, आणि ते पाहून मला आनंदच होतो. दम्यावर जगभरच्या डॉक्टरांना मार्गदर्शन करणारी ‘गिना’ नावाची संस्था आहे. तिने स्पष्ट म्हटले आहे की वर्षात दोनशे पफांचे तीन किंवा जास्त पंप लागत असतील तर मोठा अटॅक येण्याचा धोका वाढलेला असतो, आणि बारा किंवा जास्त लागत असतील तर मृत्यूचा. वर्षाला बारा म्हणजे महिन्याला एक. असे महिन्याला एक नेणारे लोक आपल्या आजूबाजूला आहेत, आणि त्यातल्या कित्येकांना वाटते की आपला दमा ‘औषधावर बरा चालला आहे’.

याच संस्थेने 2019 मध्ये एक मोठा बदल केला. बारा वर्षांवरच्या मुलांना आणि मोठ्या माणसांना नुसत्या सालब्युटामॉलवर ठेवायचे नाही, दमा कितीही सौम्य असो, स्टेरॉइडचा पंप कोणत्या ना कोणत्या स्वरूपात हवाच, असे तिने सांगितले. तेव्हापासून डॉक्टरांच्या चिठ्ठ्याही थोड्या बदललेल्या मला दिसतात. काहींना आता बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप देतात आणि सांगतात, रोजचाही हाच आणि धाप लागली तरी हाच. फॉर्मोटेरॉल मिनिटांत काम सुरू करते म्हणून हे चालते, आणि आरामाबरोबर सुजेचे औषधही आत जाते. पण जोडऔषधाचा प्रत्येक पंप असा वापरता येत नाही. साल्मेटेरॉल असलेला पंप उशिरा चढतो, अटॅकमध्ये त्याचा उपयोग नाही. तेव्हा शेजारच्या काकींना चालतो म्हणून आपल्यालाही चालेल असे धरू नका. रंगावरही जाऊ नका. मी ‘निळा पंप’ म्हणते कारण सगळे तसेच म्हणतात, पण कंपनी बदलली की रंग बदलू शकतो. डबीवर औषधाचे नाव छापलेले असते. ते वाचा, वाचता येत नसेल तर आम्हाला विचारा, आणि धापेचा कोणता व रोजचा कोणता ते पंपावर मार्करने मराठीत लिहून घ्या. मी तर पंप देतानाच त्यावर आजची तारीख घालते.

दोन टोकांची माणसे माझ्याकडे येतात. एक निळ्या पंपावर जगणारी, दुसरी पंपाला घाबरणारी. घाबरणाऱ्यांचे म्हणणे ठरलेले असते: पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय, एकदा धरला की सुटत नाही. मुलीचे लग्न जमवायचे असेल तर विचारूच नका. ‘‘तिला पंप नको, कोणी पाहिले तर? गोळी द्या.’’ या आयांना मी आकडे सांगते. सालब्युटामॉलची गोळी बहुधा चार मिलिग्रॅमची, म्हणजे चार हजार मायक्रोग्रॅमची, असते. पंपाचा एक पफ शंभर मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत चाळीस पफांएवढे औषध. आणि ते पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात, आणि शेवटी थोडेसे फुप्फुसात. हात थरथरणे, छाती धडधडणे हे गोळीने जास्त होते, आराम मात्र उशिरा पडतो. पंपाचे औषध जिथे हवे तिथेच जाते म्हणून एवढेसे पुरते. पंपाची नशा होत नाही, व्यसन लागत नाही. तो वारंवार लागतो तेव्हा आजार वाढलेला असतो. दोष पंपाला लागतो.

पंप कसा जन्मला ती हकिगत मला फार आवडते. 1955 च्या सुमारास अमेरिकेतल्या रायकर नावाच्या औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. तेव्हा औषध काचेच्या नाजूक उपकरणातून, रबरी फुगा दाबून घ्यावे लागे. तिने वडिलांना विचारले, केसांचा स्प्रे मिळतो तसे माझे औषध डब्यातून का मिळत नाही? पुढच्याच वर्षी, 1956 मध्ये, दाबून मोजका फवारा देणारा पहिला पंप बाजारात आला. सालब्युटामॉल नंतरचे, ते विकायला आले 1969 मध्ये. त्याआधीच्या काळात आयसोप्रेनालिनचे जोरकस पंप होते आणि 1960 च्या दशकात ब्रिटनमध्ये ते सर्रास मिळू लागल्यावर दम्याने मरणाऱ्यांची संख्या वाढली. कारणांवर पुष्कळ वाद झाले. औषधाचा हृदयावर होणारा परिणाम हे एक कारण सांगितले गेले. दुसरे असे की पंपाने तात्पुरते बरे वाटत राहिले आणि माणसे इस्पितळात उशिरा पोचली. सालब्युटामॉल हृदयाला त्या मानाने बरेच सौम्य आहे. पण दुसरे कारण कोणत्याही नव्या औषधाने मिटलेले नाही. आराम पडतो म्हणून जायला उशीर होतो, हे आजही घडते, डिचोलीतही घडते.

पंप बरोबर घेतला जातो आहे का, हा वेगळाच विषय. मी प्रत्येकाला म्हणते, घेऊन दाखवा बघू.

मागे एक आजोबा आले होते, खनिजाच्या ट्रकवर उमर घालवलेले. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा स्टिअरिंग सुटले, खोकला राहिला. म्हणाले, औषध बदला, हे लागत नाही. मी म्हटले, आधी दाखवा. त्यांनी टोपण काढले, पंप न हलवता तोंडात धरला, दाबला आणि मग श्वास घेतला. पांढरा धूर मिशांवरून वर गेला. मी म्हटले, आजोबा, औषध मिशांना लागले, छातीला नाही. मग त्यांना ताठ बसवले. पंप चार-पाच वेळा चांगला हलवायला लावला. हनुवटी किंचित वर. आधी श्वास पूर्ण बाहेर, पण पंपात नव्हे, बाजूला. मग दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटायचे, सावकाश श्वास आत घ्यायला सुरुवात करायची आणि सुरुवात होताच एकदाच दाबायचे. श्वास आत जातच राहिला पाहिजे, हळू आणि खोल. मग तोंड मिटून मनात दहापर्यंत आकडे. दुसरा पफ घ्यायचा तर अर्धा-एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून. त्यांना दोनदा जमले नाही, बोट आधी आणि श्वास मागे. तिसऱ्यांदा धूर दिसला नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘‘आतां पावलें.’’ औषध तेच होते, आत्ता कुठे ते छातीत पोचले होते.

ज्यांचे बोट आणि श्वास जुळत नाहीत, आणि लहान मुले व म्हाताऱ्यांचे बहुधा जुळत नाहीतच, त्यांनी स्पेसर घ्यावा. मला विचाराल तर सगळ्यांनीच घ्यावा. प्लास्टिकचा पोकळ नळा, एका टोकाला पंप बसतो, दुसऱ्या टोकाने श्वास घ्यायचा. फवारा आत साठतो, घाई नाही. मोठ्या माणसाने एक पफ दाबून एक खोल श्वास घेऊन रोखावा, नाहीतर चार-सहा साधे श्वास घ्यावेत. तान्ह्या बाळाला मास्क लावून, नाकातोंडावर घट्ट बसवून, पाच-सहा श्वास मोजावेत. एका वेळी एकच पफ दाबायचा. दोन-तीन एकदम दाबले तर औषध आतल्या आत चिकटते आणि कमीच मिळते. आठवड्यातून एकदा स्पेसर कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळत ठेवा. फडक्याने पुसू नका, घासल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटते. ‘नेब्युलायझरच पाहिजे’, म्हणजे औषधाचे धुके करून देणारे विजेचे यंत्रच हवे, असा हट्ट धरणाऱ्या घरांना मी सांगते की जीवावर बेतलेला अटॅक सोडला तर पंप आणि स्पेसर नेब्युलायझरएवढेच काम करतात. वीज गेली तरीही, आणि आपल्याकडे पावसात ती किती वेळा जाते ते सांगायला नको.

रोटाकॅपचे मात्र उलटे. तिथे उपकरणात घालायच्या कॅप्सूलमध्ये औषधाची पूड असते, फवारा ढकलणारा वायू नसतो, म्हणून श्वास जोरात आणि झटक्यात ओढावा लागतो. पंप हळू, रोटाकॅप जोरात. दोन्ही वापरणारे हे उलटसुलट करतात. कॅप्सूल दिसते म्हणून पाण्याबरोबर गिळणारेही भेटले आहेत, आणि त्यांना कोणी हसू नये. चिठ्ठीवर नुसते ‘दिवसातून दोन कॅप्सूल’ लिहिलेले असेल तर माणूस गिळणारच. आमच्याकडच्या दमट हवेत आणखी एक काळजी घ्या: कॅप्सूल ओल्या हाताने काढू नका, आधीच काढून डबीत भरून ठेवू नका आणि उपकरणात श्वास सोडू नका. ओल धरली की पूड गुठळते.

पंप कुठे ठेवता, हेही मी विचारते. बहुतेकांचे उत्तर, स्कूटरच्या डिकीत. एप्रिल-मेच्या उन्हात पार्क केलेल्या स्कूटरची डिकी कधी उघडून हात घालून बघा. दाबाखालचा डबा आहे तो, उन्हात आणि उष्णतेत ठेवायचा नसतो. रिकामा झाला तरी भोसकू किंवा जाळू नये. खिशात, पर्समध्ये, टोपण लावून. टोपण नसलेल्या पंपात खिशातले नाणे किंवा सुपारीचा तुकडा शिरतो आणि श्वासाबरोबर तोच आत ओढला जातो, म्हणून घेण्याआधी एकदा पंपाच्या तोंडात डोकावून पाहा. नवीन पंप, किंवा आठवडाभर न वापरलेला, आधी हवेत दोन-चार वेळा उडवून घ्यावा. नेमके किती वेळा ते आतल्या कागदावर असते. आणि संपला की नाही ते पाण्यात टाकून बघण्याची जुनी रीत सोडून द्या. डबा तरंगला की बुडाला यावरून काही कळत नाही. हलवल्यावर आवाज येतो तोही भरवशाचा नाही, कारण औषध संपल्यावरही वायू उरतो. ज्या पंपावर आकडा दिसतो तो घ्या. नसेल तर पंपावरची तारीख बघा आणि रोजच्या पफांचा हिशेब करा.

निळ्या पंपाने हात थोडे थरथरणे, छाती जरा धडधडणे, डोके दुखणे, हे काहींना होते आणि थोड्या वेळाने जाते. घाबरून पंप टाकून देऊ नका. पण खूप पफ घेतल्यावर छाती फारच उडू लागली, ठोके चुकू लागले, पायांत गोळे आले, तर डॉक्टरांना सांगा; जास्त प्रमाणात हे औषध रक्तातले पोटॅशियम उतरवते. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर मात्र चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात आणि आवाज बसतो. गरोदर बायका भीतीने दोन्ही पंप बंद करतात. असे करू नका गं. बाळाला पंपापेक्षा आईचा बेताल दमा जास्त धोक्याचा आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही थांबवायचे नाही.

आणि फार्मसीवाली म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगते. दुसऱ्या कोणत्याही औषधासाठी गेलात तरी आपल्याला दमा आहे हे काउंटरवर आधी बोला. प्रोप्रॅनोलॉल, जे रक्तदाब, धडधड किंवा अर्धशिशीसाठी देतात, ते दमेकऱ्याच्या नळ्या आवळू शकते. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबही. डोळ्यांतल्या थेंबाने छाती भरते हे कोणाला खरे वाटत नाही, पण तो थेंब रक्तात जातो. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनीही काही दमेकऱ्यांना जोराचा अटॅक येतो. पाठ दुखते म्हणून कोणाच्या तरी घरची गोळी घेणे त्यांना परवडणारे नाही.

प्रत्येक धाप दम्याचीच असते असेही नाही. पाय सुजले आहेत, आडवे झाले की गुदमरते, उशा वाढवाव्या लागतात, छातीत कळ येते, तर ती हृदयाची तक्रार असू शकते आणि निळ्या पंपामागे लपवली तर वेळ जाईल. वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात राबलेल्या किंवा विड्या ओढलेल्या वडीलधाऱ्यांना बऱ्याचदा सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा आजार, असतो. त्यांनाही हाच पंप मिळतो पण बाकीचे उपचार वेगळे. ‘‘आमच्या घराण्यात दमाच आहे’’ म्हणून बसू नका, एकदा फुंकर मारून करायची फुप्फुसांची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या.

मुलांबद्दल थोडे. आमच्या गल्लीतला एक मुलगा फुटबॉल खेळतो, विंगवर पळतो, आणि त्याच्या आईला वाटायचे की दमा म्हणजे खेळ बंद. डॉक्टरांनी खेळाआधी पाव तास दोन पफ घ्यायला सांगितले आणि रोजचा स्टेरॉइड पंप लावून दिला. आता तो पूर्ण सामना खेळतो, आणि बहुतेकदा ते दोन पफही लागत नाहीत. आईला धास्ती होती की पुढे मोठ्या स्पर्धेत हे उत्तेजक ठरेल. श्वासातून घेतलेले सालब्युटामॉल नेहमीच्या प्रमाणात चालते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची मर्यादा चोवीस तासांत 1600 मायक्रोग्रॅम, म्हणजे सोळा पफ आहे, त्यातही आठ तासांत सहाच पफ. शाळेत मात्र पंप ऑफिसच्या कुलूपबंद कपाटात ठेवू नका. मुलाच्या दप्तरात हवा, आणि वर्गशिक्षिकेला तो कसा द्यायचा ते ठाऊक हवे.

अटॅक आला तर काय करायचे ते आजच घरात ठरवा, कारण त्या वेळी डोके चालत नाही. आमच्याकडे नरकचतुर्दशीची आदली रात्र ही हमखास तशी रात्र. वाड्यावाड्यावर नरकासुर, पहाटेपर्यंत फटाके, मग त्याचे दहन, आणि तो धूर गल्लीत साचून राहतो. ज्या घरात दमेकरी आहे त्या घराने त्या रात्री खिडक्या बंद ठेवाव्यात, रोजचे औषध चुकवू नये आणि निळ्या पंपात किती पफ उरले ते संध्याकाळीच पाहून ठेवावे. रात्री दोन वाजता संपल्याचे कळून उपयोग नाही.

धाप लागली की ताठ बसवा, आडवे करू नका. कपडे सैल करा. निळ्या पंपाचा एक पफ स्पेसरमधून, त्यावर चार श्वास. असे एकामागोमाग चार पफ. चार मिनिटे थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार. तरीही फरक नसेल तर 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत हेच चालू ठेवा. डॉक्टरांनी तुमच्यासाठी वेगळी योजना लिहून दिली असेल तर ती आधी. माणसाला एक वाक्य पुरे करता येत नसेल, ओठ किंवा नखे निळसर पडली असतील, तो सुस्तावला किंवा गोंधळला असेल, मुलाच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, तर चार मिनिटांची वाट बघू नका. 108 आधी, पंप लगेच. आणि छातीचा आवाज एकाएकी थांबला पण धाप तशीच असेल तर ‘बरे झाले’ समजू नका. आवाज यायलाही हवा आत-बाहेर जावी लागते. ती जात नसेल तर शांतता होते, आणि ती सर्वात वाईट खूण आहे. पंप घेऊन चार तासही आराम टिकत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर. वाळपई-सत्तरीच्या आतल्या गावांतून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पोचायला वेळ लागतो, रात्री अधिकच. म्हणून तिथल्या लोकांना मी सांगते, तुम्ही इतरांपेक्षा लवकर निघा आणि जवळचे आरोग्य केंद्र आधी गाठा.

अटॅक ओसरला तरी काम संपत नाही. आतली सूज तशीच असते आणि दुसरा झटका मागोमाग येऊ शकतो. एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. जाताना घरातले सगळे पंप, स्पेसर, रोटाकॅपचे उपकरण, डोळ्यांचे थेंब, दुखण्याच्या गोळ्या, सगळे एका पिशवीत घालून न्या. टेबलावर ओता. आणि निघण्याआधी त्यांच्यासमोर एक पफ घेऊन दाखवा. ते विचारणार नाहीत, गर्दी असेल, बाहेर नंबर लागलेले असतील. तुम्हीच म्हणा, डॉक्टर, बरोबर घेतो का ते बघा.